बंद शटरला हात लावून

रंगनाथ, तुला आंघोळ घालायच्या आधी मी वाकून तुझ्या तोंडाचा वास घेतला. अंगणातल्या लोकांना वाटलं, दगडू दोस्ताच्या गळ्यात पडून रडतोय. कुणीतरी माझ्या पाठीवर हातही ठेवला. मी रडत नव्हतो. खात्री करत होतो.

लवंगेचा वास आला. दुसरा कसलाच नाही. पण लवंगेनं माझं समाधान होणार नव्हतं, हे तुला सांगायला नको. प्यायच्या दिवसांत तुझ्या खिशात कायम लवंगा असायच्या. वास लपावा म्हणून घराच्या वळणावर तू त्या दाढेखाली धरायचास, आणि मंदावहिनी त्या लवंगेवरूनच ओळखायची की आज ढोसून आलाय. आता तूच सांग, मेलेल्या माणसाच्या तोंडाला लवंगेचा वास आला तर माझ्यासारख्यानं काय समजायचं?

तू सापडलास रस्त्याच्या कडेला. उजाडताना, अनवाणी, देशीच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. दूधवाल्यानं तुला पाहिलं, टेम्पोत घातलं आणि केदारखेड्याला घरी आणलं. मला फोन आला तसा मी भोकरदनहून गाडी हाणत आलो. तोवर गावानं निकाल लावून टाकला होता. "शेवटी तिथंच गेला," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "इतकी वर्सं सोडली सोडली म्हणून सांगायचा." माझा पारा चढला. त्या दोघांना झाडायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. कारण ते जे मोठ्यानं बोलत होते, तेच मी मनात बोलत होतो. ते एका सकाळपुरतं बोलत होते. मी इतकी वर्षं बोलत होतो.

तुझं दारू सोडणं मी कधी मानलंच नाही, रंगा. त्याला कारण आहे. आणि ते कारण तू आहेस.

आपण दोघं हेडी. बैल घ्यायचे, बैल विकायचे. माझ्या बापाकडं ना जमीन होती ना बैल. दुसऱ्यांच्या बैलांची दावी धरून मी बाजारात उभा राहिलो आणि तिथंच धंदा शिकलो. तू शेतकऱ्याघरचा, तुला बैलाची पारख जन्मतःच. मला माणसाची. म्हणून तर आपली जोडी जमली. तू बैलाचे दात पाहायचास, मी मालकाचे डोळे. आणि सौदा करायचा तुझा हात, कारण तुझ्या हातासारखा थंड हात साऱ्या बाजारात नव्हता.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात, आणि आत बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. नकार मिळाल्यावर पुन्हा दाबलं की भाव वाढवला. पटलं की अंगठा दाबायचा. अंगठा दाबला की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही. तोंडानं तोवर पावसापाण्याच्या गप्पा चालू. आजूबाजूच्यांना काही कळत नाही. मी रुमालाखाली शेकडो हात धरले असतील. शाळेनं मला अक्षरं वाचायला शिकवली, तीही अर्धीमुर्धी. हात वाचायला मी बाजारात शिकलो. माणूस तोंडानं खोटं बोलतो, हात बोलू शकत नाही, असं मी मानत आलो.

तो बाजार आठव. पिंपळगाव रेणुकाईचा एक म्हातारा पांढरी जोडी घेऊन आल्ता. जोडी दिसायला देखणी, पण डावा बैल मारका, हे तू लांबूनच ओळखलं होतंस. आपण भाव पाडून घेणार होतो. तू रुमाल टाकलास. मी बाजूला उभा राहून म्हाताऱ्याला बोअरच्या पाण्याचं विचारत होतो. आणि एकदम म्हातारा ओरडला, "दिली! दिली जोडी!" त्यानं अंगठा दाबला होता. रुमाल काढला तेव्हा तुझा चेहरा पाहिला मी. तू भाव वाढवलाच नव्हतास. तुझी बोटं थरथरत होती, आणि म्हाताऱ्याला वाटलं, हा दाबतोय, पुन्हा दाबतोय, वाढवतोय. मारका बैल सोन्याच्या भावानं आपल्या गळ्यात पडला.

"सकाळी सकाळी ढोसून आला का रे?" मी भर बाजारात ओरडलो.

"न्हाई प्यालो."

"मंग हात कामून थरथरून राह्यला?"

"न्हाई प्यालो म्हणूनच थरथरून राह्यला."

सगळा बाजार हसला. मीही हसलो, रागानं. असलं वाक्य बाजारात कोण खरं मानतं? तू रुमालाची घडी घातलीस, माझ्या खांद्यावर टाकलीस आणि चालू लागलास. त्यानंतर तू बाजारात पाय ठेवला नाहीस.

मला नंतर कळलं की त्या दिवसापुरतं ते खरं होतं. तू काही दिवसांपूर्वीच सोडली होतीस आणि शरीर आतून हंबरडा फोडत होतं. पण मला सांगायचं होतंस की! सोबत्याला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं? पुढं एका लग्नात मी हेच विचारलं, तर तू म्हणालास, "सांगितलं असतं तर तू मानलं असतं का?" मानलं नसतं. पण ते तू ठरवायचं नव्हतंस.

आणि मग ते जालन्याचं मंडळ. दारू सोडलेल्यांची बैठक. तिथले एक रिटायर गुरुजी तुला म्हणाले, जुनी संगत सोडा. तू सोडलीस. बाजार सोडलास, मला सोडलंस. रंगा, माझा राग काय आहे तो आज सरळ सांगतो, कारण आता तू मध्ये बोलणार नाहीस. मी आयुष्यात थेंब घेतला नाही. सौदा झाला की तुला प्यायची असायची आणि सौदा मोडला तरी प्यायची असायची, आणि दोन्ही वेळा मी तुझ्यासमोर चहा पीत बसायचो. तुला गाडीवर बांधून घरी कुणी आणलं? तुझी गटारात पडलेली चप्पल कुणी शोधली? आणि तू दारूच्या बाटलीबरोबर मलाही उकिरड्यावर फेकलंस. मी तुझी संगत होतो, तुझी दारू नव्हतो.

म्हणून मी डोळा ठेवून होतो. कुणी सांगितलं, रंगनाथ रोज पहाटे चालायला जातो. चालायला! ज्याला बाजारातून एसटी स्टँडपर्यंत चालायचं जिवावर यायचं, तो? मला खात्री होती की वाटेत कुठंतरी बाटली पुरलेली असणार. एका पहाटे मी भोकरदनहून आलो, गाडी तुझ्या गावाबाहेर लिंबाखाली लावली आणि तुझ्या मागं निघालो. त्यात चूक केली असं मला आजही वाटत नाही. बैल एका फेरीत कळत नाही. त्याला उपाशीपोटी पाहावं, खाल्ल्यावर पाहावं आणि जुंपून पाहावं. माणसाचं तर त्याहून अवघड.

तू झपझप चाललास. मधे कुठं थांबला नाहीस. आणि कुठं गेलास? सरळ देशीच्या दुकानापर्यंत. मी मनात म्हणालो, सापडला. दुकान बंद होतं. हिरवं शटर खाली ओढलेलं. तू पायऱ्या चढलास, शटरवर उजवा तळहात ठेवलास, क्षणभर उभा राहिलास आणि मागं फिरलास. तर समोर मी.

तू दचकला नाहीस. म्हणालास, "आला का? म्या म्हणलं, इतके दिवस कसा आला न्हाई."

"दुकान बंद हाय," मी म्हणालो.

"म्हणूनच आल्तो."

"म्हंजे?"

"पाय ऐकत न्हाईत, दगडू. उठले की इकडंच. बांधून ठेवले तर डोकं फिरतं. मंग म्या म्हणलं, जाऊ द्या त्यायला. फक्त दुकान उघडायच्या आत न्यायचं आन आणायचं."

"म्हंजे नशा गेली न्हाई."

"न्हाई गेली. कामाला लावली."

"बैलाला कामाला लावतेत. नशेला लावायला गेलं तर तीच मालक होती."

"होऊ दे की. झोप लागती, भाकर पचती, मंदा हसती. असला मालक वाईट असतो का?"

"जे केल्याबिगर राहवत न्हाई ते वाईटच. मंग ती दारू असो का देवपूजा."

तू हसलास. "तुला भाव केल्याबिगर राहवतं का?"

"तो धंदा हाय माहा."

"रेणुकाईच्या दारात नारळाचा भाव केल्ता, तो बी धंदा? या दुकानातून त्या दुकानात, त्यातून परत ह्यात. तवर आरती झाली. देवी म्हणली असंल, ह्याला नारळ फुकट द्या पण आत घ्या."

मी शिवी हासडली आणि गाडीकडं निघालो. तू मागून ओरडलास, "चांगली नशा असती, दगडू!" मी वळून ओरडलो, "नसती!" आपलं भांडण तिथं सुरू झालं आणि कधी संपलं नाही. पुढं जिथं भेटलो, लग्नात, मयतीत, तहसीलच्या रांगेत, तिथं रामराम व्हायच्या आधी तू म्हणायचास, "असती." मी म्हणायचो, "नसती." लोकांना वाटायचं, हे दोघं येडे झालेत.

तुझी बाजू भक्कम होती, ते मी आज कबूल करतो. तुझा चेहरा उजळला. शेतात पुन्हा पऱ्हाटीच्या ओळी सरळ दिसू लागल्या. वहिनीच्या हातात बांगड्या आल्या. पण मी माझ्या बाजूचे पुरावेही गोळा करत होतो. तुझ्या लेकीच्या हळदीचा दिवस. पाव्हणे दारात, आणि नवरीचा बाप रस्त्यावर. वहिनी सगळ्यांना सांगत होती, "येतेलच इतक्यात." ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. प्यायच्या दिवसांत ती हेच वाक्य म्हणायची, याच आवाजात, याच उंबऱ्यात. तू आलास, घामाघूम, हसत. सगळे म्हणाले, काय तब्येत कमावलीय! मी म्हणालो, आज एक दिवस गेला नसतास तर? तुझं हसू गेलं. "एक दिवस न्हाई गेलो तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर जाईन," तू म्हणालास. मग मलाच सांग, हे बरं होणं झालं की फक्त खुंटा बदलला?

आता त्या सकाळचं सांगतो. तुला अंगणात आणून ठेवलं होतं, दूधवाल्याचीच चादर अंगावर होती. वास घेऊन मी उठलो तेव्हा वहिनी जवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, लोक काय बोलून राह्यले ते मला ऐकू येतं. तुम्ही एकलेच त्यायला बराबर वळखता. सांगा, प्याले होते का?"

रंगा, त्या प्रश्नाला मी थातूरमातूर उत्तर देऊ शकलो असतो. बायकोचं मन राखायला लोक खोटं बोलतात. पण ती मन राखून मागत नव्हती. इतकी वर्षं ती एका माणसाबरोबर राहिली होती आणि आता तिला कळायला हवं होतं की तो माणूस खरा होता की नव्हता. मी वास घेतला होता आणि वासानं काही ठरलं नव्हतं.

म्हणून मी तुझ्या शेजारी बसलो आणि चादरीखाली हात घातला. उजवा हात शोधला. रुमालाखाली तुझा हात कायम दुसऱ्यांनी धरला, मी असा झाकून पहिल्यांदाच धरत होतो. थंड होता. थंड हातासाठीच तर तू नावाजलेला होतास. बोटं मोजली. मग तळहातावर अंगठा फिरवला, तर काहीतरी खरखरीत लागलं. चादर जरा उचलून पाहिलं. तळव्यावर तांबूस डाग. दवानं ओला झालेला आणि वाळलेला गंज. डावा हात पाहिला. तो स्वच्छ होता.

मी हिशेबी माणूस आहे, भावनेनं काही मानत नाही. मी विचार केला. दुकान उघडं असतं तेव्हा शटर वर गुंडाळलेलं असतं, त्याला कुणाचा हात लागत नाही. गंज लागला म्हणजे शटर खाली होतं. दूधवाल्याला बोलावून विचारलं, "पडला तेव्हा तोंड कुणीकडं होतं?" तो म्हणाला, "गावाकडं." म्हणजे तू गेलास, हात ठेवलास, फिरलास आणि घरी येताना पडलास.

"न्हाई प्याला, वहिनी," मी म्हणालो.

"कशावरून?"

"हात पाहिला म्या."

"लवंग तर ते दारू सोडल्यावरबी धरायचे," ती म्हणाली आणि तिनं मान हलवली. हेड्याच्या बायकोला याहून जास्त सांगावं लागत नाही. मग ती तुझ्या पायांशी बसली आणि तेव्हा रडली. कारण तुझ्या तळव्यांत खडी रुतलेली होती. मी विचारलं, हा अनवाणी कसा? तर ती म्हणाली, "म्याच चपला लपवल्या. छातीत दुखायचं त्यायच्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, छाती बरी होईस्तोवर घराबाहेर चालू नका. ऐकतेत थोडे! मंग ज्वारीच्या कोठीत चपला पुरून ठिवल्या. आधी त्यायच्या बाटल्या म्या जिथं पुरायची, तिथंच."

ऐकलंस? ज्या कोठीत तिनं तुझ्या बाटल्या पुरल्या त्याच कोठीत तुझ्या चपला. आणि तू अनवाणी निघालास, जसा पूर्वी सदऱ्याला गुंड्या न लावता निघायचास. तुझा हात तुझ्या बाजूनं साक्ष देत होता, रंगा, पण तुझे पाय माझ्या बाजूनं. अंगणात लोक तिरडी बांधत होते आणि मी तुझ्या शेजारी बसून तुझ्याशी भांडत होतो. बघ, म्हणालो. ही तुझी चांगली नशा. तिनंच नेलं तुला. तू पहिल्यांदाच उलटून बोलला नाहीस, आणि मला त्याचा इतका राग आला की मी उठून सरणाची लाकडं आणायला वखारीत गेलो.

तिथं लाकडाच्या मालकानं सुक्याच्या भावात ओली लाकडं काट्यावर टाकली. मी त्याला फाडून खाल्लं. भाव पाडला, लाकडं बदलून घेतली, वर टेम्पोचं भाडंही त्याच्याच माथी मारलं. मालक म्हणाला, "शेठ, मयतीचं तरी सोडा." आणि माझ्या कानात तुझा आवाज आला. तसाच, त्या पहाटे दुकानापासून गाडीकडं जाताना मागून आल्ता तसा. तो धंदा हाय का रे, दगडू? दोस्ताच्या सरणाचा भाव, हा बी धंदाच?

मी पैसे मोजून दिले आणि लाकडं टेम्पोत चढवली.

काल तेरावा झाला. पाव्हणे गेल्यावर वहिनीनं चहा आणून दिला आणि म्हणाली, "ते तुमचं नाव रोज घ्यायचे." मी म्हणालो, कशाला? ती म्हणाली, "चपला घालताना. म्हणायचे, हे दगडूनंच शिकवलं. भाव पटला न्हाई तर हात काढून घ्यायचा आन उठून चालाय लागायचं. म्हणायचे, म्या रोज दुकानाला जातो, भाव ऐकतो आन सौदा मोडून येतो."

मी तिच्याकडं बारकाईनं पाहिलं. मला बरं वाटावं म्हणून ती हे रचून सांगते आहे का? बायका असं करतात. "हे तो खरंच म्हणायचा?" मी विचारलं.

"तुम्ही जल्माचे संशयी," ती म्हणाली. "तेबी हेच म्हणायचे. आन एक आयका. त्या चालण्यानं त्यायला नेलं असंल तर नेलं. दारूच्या वक्ताला ते घरी येऊच नयेत असं वाटायचं. नंतर वाट पाहायची. दोन्ही म्याच केलं, त्यातला फरक मला ठावा हाय."

रुमालाखाली असं कधी कधी होतं. समोरचा असा भाव सांगतो की आपलं बोट हलत नाही.

मी तुझ्याच ओट्यावर झोपलो. आज उजाडायच्या आत जाग आली आणि निघालो. गाडी घेतली नाही, कारण गाडीवरून रस्त्याची खोट कळत नाही. तू पडलास ती जागा ओलांडली. दुकानाच्या पायऱ्या चढलो. शटर आधी मी लांबूनच पाहिलं होतं. जवळून पाहिलं तर त्याचा हिरवा रंग अजून धड आहे. फक्त एका जागी, माझ्या छातीच्या उंचीवर, रंग उडून आतलं लोखंड गंजलं आहे. तळहाताएवढीच जागा. रोज त्याच जागी हात ठेवून ठेवून तू दुकानदाराचा रंग खाल्लास.

मी त्या जागेवर हात ठेवला. गार होती. अंगठा दाबला नाही, रंगा. नशा चांगली असते हे मला अजून पटलेलं नाही. पण हातही लवकर काढला नाही.

परत आलो तर वहिनी उंबऱ्यात. माझ्या तळव्याकडं तिचं लक्ष गेलं. तिनं हात धुवायला तांब्या पुढं केला.

भोकरदनला जायची आज गडबड नाही. उद्या पहाटे परत जाणार का, ते विचारू नकोस. एका फेरीत बैल कळत नाही.